गोड्या पाण्याच्या काठचं बाकडं

गेल्या आठवड्यात सहलीच्या संमतीपत्रांचा गठ्ठा मोजत बसले होते. आमची जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंतची, मुलं थोडीच. सहल शेगावची, एका दिवसाची. सकाळी समाधीचं दर्शन, दुपारी महाप्रसाद आणि नंतर आनंदसागर या तिथल्या थीम पार्कचा जेवढा भाग उघडा आहे तेवढा. सगळ्यांची संमतीपत्रं आली, सहावीतल्या एका मुलाचं तेवढं नाही. मी त्याच्या घरी फोन केला, तर दुसऱ्या दिवशी त्याचे वडील स्वतःच शाळेत आले. कापूस वेचणीचे दिवस, वावरातून थेट आलेले, बाहीला कापसाची बोंडकी चिकटलेली. दारातच उभे राहून म्हणाले, "मॅडम, देवळात न्या, मी नाई म्हनत नाई. महाराजायचं दर्शन झालं पायजे लेकराले. पन त्या आनंदसागरात कायले नेता? तिथं काय भेटते? झोकाच खेळाचा असन तं मी घरी निंबाले बांधून देतो न."

मी म्हटलं, "भाऊ, बसा, सांगते." तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली, खिचडीची रांग लागली आणि ते निघून गेले. सांगायचं राहून गेलं. खरं तर त्यांना सांगायचं होतं ते दोन मिनिटांत सांगता आलंच नसतं. कारण तिथं काय भेटतं हे मला ठाऊक आहे, पण ते ज्यांना भेटलं ते माझे बाबा.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णा नदीच्या खोऱ्यात. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णेच्या दोन्ही अंगांनी जो पट्टा जातो त्याला खारपाणपट्टा म्हणतात. बाहेरच्या माणसाला हे नाव नकाशावरचं वाटतं. आमच्यासाठी ती जिभेवरची चव आहे. विहिरीचं पाणी खारट, हापशीचं पाणी खारट. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, घासलेली पितळी लोटी वाळली की अंगावर पांढरे डाग उठतात. पाहुणा पहिला घोट घेतो तेव्हा त्याचं तोंड कसं होतं ते पाहायला आम्ही पोरं मुद्दाम उंबऱ्यात उभी राहायचो. मूतखड्याची तक्रार घरोघर. प्यायचं पाणी नळयोजनेचं, नाहीतर टँकरचं, आणि ते आलं की आई अभ्यासावरूनसुद्धा उठवायची.

आमच्या वावरात एक विहीर आहे. आजोबांनी खोदलेली. आजी सांगायची, पाणी लागलं त्या दिवशी आजोबांनी गावात गूळ वाटला. मग एक माणूस खाली उतरला, ओंजळभर पाणी घेऊन प्यायला आणि वर पाहून नुसती मान हलवली. गूळ वाटून झाला होता. ती विहीर तशीच राहिली. ते पाणी पिकाला देता येत नाही असं नाही, पण एकदा दिलं, दोनदा दिलं की जमीन चोपण होते. वर साय धरावी तशी पापडी धरते, खाली ढेकूळ दगडासारखं आणि बी उगवता उगवत नाही. म्हणून आमच्याकडे शेती म्हणजे पावसाची. खरिपात पऱ्हाटी, तूर, मूग, आणि मूग निघाला की उरल्या ओलीवर हरभरा. पाऊस सप्टेंबरात दगा देऊन गेला की हरभरा फुलावर येऊन उभ्या उभ्या वाळतो, आणि शंभर फुटांवर विहीर तुडुंब भरलेली असते. मी लहानपणी त्या विहिरीचा जितका राग केला तितका कशाचाच केला नाही.

बाबांना राग यायचा नाही. ते म्हणायचे, "आपल्याइकडं होत नाई." बस, एवढंच. कोणी संत्र्याची बाग म्हटलं, आपल्याइकडं होत नाई. कोणी भाजीपाला म्हटलं, आपल्याइकडं होत नाई. दारात चाफा लावू म्हटलं तरी तेच. हे वाक्य त्यांनी त्यांच्या वडिलांकडून घेतलं होतं, त्या गूळ वाटल्याच्या दिवसापासून. आणि ते खोटंही नव्हतं. म्हणूनच त्याच्याशी भांडता यायचं नाही.

२००६ चा जानेवारी. संक्रांत नुकतीच झाली होती, मी सातवीत. माझा भाऊ टायफॉइडमधून उठला होता आणि आजीनं शेगावचा नवस बोलला होता. दर्यापूर-बनोसाहून आम्ही शकुंतलेत बसलो. ज्यांनी ही गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते, अडीच फुटी रुळांवरून चालणारी, अचलपूर ते मूर्तिजापूर जाणारी आमची लेकुरवाळी गाडी. आता ती बंद आहे. मूर्तिजापूरला मोठ्या लाइनीवरची पॅसेंजर धरली आणि अकोल्यावरून शेगाव. दर्शन झालं, महाप्रसादाला पंगतीत बसलो. माझ्या आईला आजही आनंदसागरचं विचारा, ती पंगतीचंच सांगते. "मले कोनं तरी वाढलं," म्हणते. लग्न झाल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा ती पाट सोडून उठली नव्हती आणि समोरचा सेवेकरी 'माउली, अजून घ्या' म्हणत होता. तिचं शेगाव ते. ते काही कमी नाही.

गाडीला वेळ होता. कोणीतरी म्हणालं, आनंदसागर पाहून घ्या. बाबा कबूल नव्हते. दर्शन झालं, नवस फिटला, आता तिकीट काढून बगीचा कायले पाहाचा? आमच्याकडे घराबाहेर पडायला देवाचं कारण लागतं, नाहीतर लग्नाचं, नाहीतर दवाखान्याचं. नुसतं आनंदासाठी कुठं जायचं, ही गोष्टच माहीत नव्हती. आजीनं कमरेची पिशवी सोडली, मळलेल्या नोटा मोजल्या आणि म्हणाली, "चाल, माह्याजवळ हायेत. लेकरू मरनाच्या दारातून आलं, त्याले हासू दे."

आत गेल्यावर भावानं पहिल्यांदा पाहिली ती छोटी रेल्वे. तो ओरडला, "बाबा, ही तं आपली शकुंतला! धुऊन काढली याईनं!" आई, मी आणि तो त्या गाडीत बसलो. बाजूनं झाडं, गवताचे गालिचे, कारंजी, भारतभरच्या संतांच्या मूर्ती आणि मध्ये पाणी. मोठं तळं, माणसांनी केलेलं. तळ्यातल्या बेटावर कन्याकुमारीच्या विवेकानंद स्मारकाच्या धर्तीचं ध्यानकेंद्र. शेकडो एकर सगळं. माझं तोंड उघडं ते उघडंच. पण गाडी वळणावर आली तेव्हा मी बाबांना शोधलं. ते गाडीत बसले नव्हते. आजीजवळ थांबतो म्हणून मागे राहिले होते.

ते तळ्याच्या काठी एका बाकड्यावर बसले होते. हे मला आजही तसंच दिसतं. बाबा बसलेले मी कधी पाहिलेच नव्हते. म्हणजे जेवायला बसायचे, बैलगाडीवर बसायचे, पारावर बसायचे, पण तिथे हातात तंबाखू नाहीतर दोरखंड वळायचा असायचा. इथे हात मांडीवर उघडे, आणि ते नुसते पाण्याकडे पाहत होते. आम्ही परत आलो तेव्हा आजी म्हणाली, "इकडं तिकडं पाहून त्यानं पाण्यात बोट बुडवलं अन् चाखलं."

हे बाबांनी नंतर स्वतः सांगितलं. बोट तोंडात घातलं आणि पाणी खारं लागलं नाही. शेगाव म्हणजे काही कोकण नव्हे, तेही खारपाणपट्ट्यातलंच. स्टेशनजवळच्या हॉटेलात त्यांनी पाणी पिऊन पाहिलं होतं, ते घरच्यासारखंच होतं. मग हे कसं? तेवढ्यात पांढऱ्या कपड्यांतला एक सेवेकरी झाडाखालची पानं झाडत जवळ आला. बाबांना वाटलं, आता ओरडतो. तो म्हणाला, "माउली, तहान लागली काय? पिण्याचं पाणी तिकडं हाये." बाबांनी धीर करून विचारलं, "जमीन कशी हाये इथली?" तो हसला. म्हणाला, "तुमची जशी हाये तशीच. मी बी कास्तकारच हाव, सेवेले येतो पाळीनं." मग दोघं बसले. एकानं झाडू खाली ठेवला, दुसऱ्यानं टोपी काढली. तो सांगत होता, झाडाला खड्डा केवढा करतात, त्यातली माती कशी बदलतात, रोज पाहावं लागतं, एक दिवस चुकला तर झाड सांगतं. आणि पाण्याचं विचारलं तेव्हा त्यानं त्याच्या वावरातलं सांगितलं: "आपल्याइकडं पानी खालून काढाचं नाई, वरून आलेलं जाऊ द्याचं नाई."

बाबा सगळ्या परतीच्या प्रवासात गप्प होते. रात्री बैलगाडीत आम्ही पोरं पेंगत होतो तेव्हा मी ऐकलं, ते आईला म्हणत होते, "खालच्या अंगाचं पाऊण एकर तसंही चिबडच राह्यते."

त्या उन्हाळ्यात बाबांनी एक गोऱ्हा विकला आणि वावराच्या उतारावर जेसीबी लावून खड्डा खोदला. गावात लोकांनी विचारलं, अजून एक खारी विहीर का? बाबा सांगायचे, विहीर नाही, तळं. लोक म्हणायचे, आपल्याइकडं होत नाई. त्यांचंच वाक्य त्यांना परत मिळत होतं.

जुलैत तळं भरलं. पहिल्यांदा भरलं त्या दिवशी बाबांनी आम्हा दोघांना पावसातच नेलं आणि पाणी चाखायला लावलं. गढूळ, मातीच्या वासाचं, पण गोडं. पंधरा-वीस दिवसांनी एका रात्री तळ्याचा धुरा, म्हणजे कडेचा मातीचा बांध, फुटला. सकाळी गेलो तर धुऱ्याच्या मधोमध बैलगाडी जाईल एवढं भगदाड, आणि सगळं पाणी शेजाऱ्याच्या तुरीत. शेजारी भांडला, त्याचं चुकलं नव्हतं. तुरीच्या दोन ओळी आडव्या झाल्या होत्या. बाबांनी त्याला पुढच्या वर्षीचं बियाणं कबूल केलं.

धुरा का फुटला, हे मला पुष्कळ वर्षांनी नीट समजलं. आमची काळी माती उन्हाळ्यात इतकी तडकते की भेगेत मनगटापर्यंत हात जातो. आणि खारपाणपट्ट्यातल्या मातीत सोडियम जास्त. अशा मातीचे कण पाण्यात एकमेकांना धरून राहत नाहीत, सुटून पाण्याबरोबर वाहू लागतात. उन्हाळ्यात टाकलेल्या मातीत भेग राहून गेली, तिच्यातून पाण्याची बारीक धार लागली, धारेनं माती नेली, बोटाएवढं भोक हाताएवढं झालं आणि पहाटेपर्यंत धुरा बसला. पण याच मातीची दुसरी गंमत अशी की तळाशी हेच सुटलेले बारीक कण फटी बुजवतात आणि पाणी खाली जिरू देत नाहीत. दुसरीकडे शेततळ्याला प्लास्टिकचा कागद अंथरावा लागतो, आमच्याकडे बहुतेक तळी तशीच धरतात. जी खोड धुरा फोडते तीच तळ सांभाळते. आजोबांपासून तीन पिढ्या आम्ही ज्या मातीला नावं ठेवली, ती पाणी धरून ठेवायला फार चांगली निघाली.

तेव्हा मात्र हे कोणाला ठाऊक नव्हतं. धुरा फुटल्यावर चार दिवस बाबा वावरात गेले नाहीत. पाचव्या दिवशी सकाळी धोतर बदललं, एसटीनं गेले आणि रात्री परत आले. आईनं विचारलं, कुठं गेलते? म्हणाले, शेगावले. आजी म्हणाली, दर्शन झालं काय? म्हणाले, झालं. मग थोड्या वेळानं, "आनंदसागरात गेलो होतो." आई चिडली. तिकिटाचे पैसे, एसटीचे पैसे, शेजाऱ्याचं बियाणं, गोऱ्हा विकलेला. "काय पाहून आले?" बाबा म्हणाले, "काई नाई. बसलो होतो."

मी या वाक्याचा फार विचार केला आहे. तिथे ते काही शिकायला गेले नव्हते. त्यांना कोणी धुऱ्याचं शास्त्र सांगितलं नाही, तो सेवेकरीही त्या दिवशी नव्हता. ते त्या बाकड्यावर बसले आणि खाऱ्या मुलखात माणसांनी धरून ठेवलेल्या पाण्याकडे पाहत राहिले. हे होऊ शकतं, एवढंच त्यांना पुन्हा एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं. घरी बसून ते दिसत नव्हतं. घरी भगदाड दिसत होतं.

डी.एड.ला असताना ग्रंथालयात मी वॉल्ट डिस्नेबद्दल वाचलं आणि मला एकदम बाबा आठवले. तोही माणूस असाच एका बाकड्यावर बसला होता. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये त्याच्या दोन मुली फिरत्या घोड्यांच्या पाळण्यावर बसायच्या आणि तो बाजूला बाकड्यावर बसून राहायचा. पोरं खेळतात आणि बाप नुसता बसतो, दोघांना मिळून काही करता येईल अशी जागा का नसावी, या विचारातून पुढे डिस्नेलँड झालं, असं तोच सांगायचा. जगातल्या या सगळ्यात गाजलेल्या थीम पार्कसाठी त्यानं कॅलिफोर्नियात अनाहाइमला संत्र्यांच्या बागांची १६० एकर जमीन घेतली आणि साधारण एका वर्षात काम उरकून १७ जुलै १९५५ ला दारं उघडली.

त्या दिवसाच्या गोष्टी वाचताना मला आमचा धुरा दिसत होता. प्लंबरांचा संप झालेला, त्यामुळे एकतर संडास सुरू करता येत होते नाहीतर प्यायच्या पाण्याच्या तोट्या. डिस्नेनं संडास निवडले आणि भर उन्हाळ्यात लोक पाण्यावाचून फिरले. नवं डांबर इतकं ओलं होतं की बायकांच्या उंच टाचांच्या चपला त्यात रुतल्या. त्याआधी तिथली कृत्रिम नदी पहिल्यांदा भरली तर पाणी रेताड जमिनीत जिरून गेलं, मग तळाला चिकणमाती आणून अंथरावी लागली. मी हे बाबांना फोनवर सांगितलं. ते किती तरी वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "त्याईले माती इकत आनाची लागली?" त्यांच्या आवाजात जो आनंद होता तो मी त्याआधी फक्त हरभऱ्याच्या भावाबद्दल बोलताना ऐकला होता.

अजून एक गोष्ट मी त्यांना सांगितली, ती त्यांना सगळ्यात जास्त आवडली. डिस्नेलँडच्या भोवती मातीचा उंच धुरा घातलेला आहे आणि त्यावरून आगगाडी फिरते. धुरा यासाठी, की आत शिरलेल्या माणसाला बाहेरचं काही दिसू नये. रस्ते नकोत, विजेचे खांब नकोत, दुसऱ्यांची घरं नकोत. आत असेल तेवढाच मुलूख खरा. मला वाटतं, थीम पार्क आणि साध्या बगीच्यात हाच फरक आहे. बगीचा गावाच्या मधोमध असतो, तिथे बसलं तरी गाव दिसत राहतं. थीम पार्क काही तासांसाठी तुमचं गावच झाकून टाकतो. पाळणा आणि कारंजी पोरांसाठी. मोठ्या माणसाला तिथं मिळतं ते हे की जन्मभर ऐकलेलं वाक्य धुऱ्याच्या बाहेर राहतं. बाबांचं 'आपल्याइकडं होत नाई' त्या दुपारी दोन-तीन तास बाहेर उभं होतं. परत निघाले तेव्हा ते त्यांनी उचलून घेतलं नाही, किंवा घेतलं असेल तरी त्याचं वजन कमी झालं होतं.

हे पाळण्यांनी आणि झगमगाटानं होतं का, याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. मुंबईचं गोराईचं एस्सेल वर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झालं, खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३ मध्ये. आमच्या गावातला एक मुलगा पुण्याला नोकरी करतो, तो इमॅजिकाला जाऊन आला आणि छातीत धडधड कशी होते ते सगळ्यांना सांगत होता. ती धडधडही खरी, तिला मी कमी लेखत नाही. जत्रेतल्या आकाशपाळण्यात बसून वरून स्वतःचं घर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मलाही असंच झालं होतं. पण बाबांसारख्या माणसाला जे हललं ते आनंदसागरची जमीन आमच्या जमिनीसारखी होती म्हणून. परक्या मुलखातला चमत्कार पाहून आपण तोंडात बोट घालतो आणि घरी येतो. आपल्याच मातीतलं पाहिलं की बोट पाण्यात घालावंसं वाटतं.

पुढच्या उन्हाळ्यात, २००७ साली, बाबांनी धुरा पुन्हा घातला. या वेळी माती एकदम ओतली नाही. वीतभर थर टाकायचा, त्यावर बैल फिरवायचे, पाणी शिंपडायचं, पुन्हा थर. पाणी आत येतं तिथं दगड लावले, जास्तीचं पाणी जायला एका बाजूनं सांडवा ठेवला. आणि धुऱ्याच्या उतारावर हराळी लावली. शेतकरी असाल तर तुम्हाला कळेल हे केवढं आहे. हराळी म्हणजे वावरातला वैरी, जन्मभर आजोबांनी आणि बाबांनी ती खणून खणून जाळली. तीच आता बाबा टोपलीत भरून आणत होते आणि हातानं खोचत होते, कारण खाऱ्या मातीत तग धरणारं आणि मुळांनी माती बांधून ठेवणारं दुसरं गवत त्यांना माहीत नव्हतं. आजी पायरीवर बसून पाहत होती. म्हणाली, "बाप्पा, हे पाह्यलं असतं तं तुह्या बापानं डोकं फोडलं असतं." आणि हसली, तोंडात दात नसलेलं हसू.

धुरा धरला. त्या नोव्हेंबरात हरभरा फुलावर आला तेव्हा डिझेल इंजिन लावून दोन एकरांना एक पाणी दिलं. एकच पाणी. मी आणि भाऊ रात्री कंदील घेऊन नळीचं तोंड धरून उभे होतो, थंडीनं दात वाजत होते आणि बाबा पलीकडच्या टोकावरून हाका मारत होते, "आलं काय? आलं काय?" मी ओरडले, "आलं!" त्या वर्षी आमच्या हरभऱ्याला एकरी सहा क्विंटल उतारा आला. त्याआधी तीन झाले तरी आम्ही देवाला नारळ फोडायचो.

पुढे २०१६ मध्ये सरकारची 'मागेल त्याला शेततळे' योजना आली, जास्तीत जास्त ५०,००० रुपये अनुदानाची. बाबांनी अर्ज केला आणि दुसरं, मोठं तळं केलं. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल. उतार धरून हिशेब केला तर त्यात २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळपास बावीस लाख लिटर पाणी मावतं. हा आकडा बाबांना पाठ आहे, ते तो पाहुण्यांना सांगतात. उन्हानं उडतं ते सोडून पाच एकर हरभऱ्याला तुषारनं दोन पाणी निघतात. ज्या वर्षी पाऊसच नसतो त्या वर्षी तळंही कोरडं असतं, आणि कापसाचा भाव पडतो तेव्हा तळ्याचा काही उपयोग होत नाही, हेही सांगितलं पाहिजे. आमचं घर श्रीमंत झालं नाही. पण गावात आता अकरा तळी आहेत. पहिलं बाबांचं, आणि त्यातलं तिसरं त्या शेजाऱ्याचं, ज्याच्या तुरीच्या दोन ओळी आम्ही पाडल्या होत्या.

आणि माझं? २०११ मध्ये बारावी झाल्यावर मी अमरावतीला डी.एड.ला जायचं म्हटलं. आमच्या घरातली मुलगी तोवर दर्यापूरपलीकडे एकटी राहिली नव्हती. काका म्हणाले, "आपल्याइकडं पोरी अशा जात नाईत." सगळे बाबांकडे पाहायला लागले. मला ते वाक्य येणार हे माहीत होतं, मी ऐकायला तयार होऊन बसले होते. बाबांनी सुपारी कातरली. म्हणाले, "खोली कुठं भेटते पाहून या लागन." त्यापलीकडे काही नाही. दुसऱ्या दिवशी ते आणि मी एसटीनं अमरावतीला गेलो.

आनंदसागर मधली काही वर्षं बंद होतं, मग त्यातला काही भाग पुन्हा उघडला. ते बंद होतं त्या काळात बाबा दोनदा शेगावला गेले आणि नुसतं दर्शन घेऊन आले. विचारलं तर म्हणायचे, दार लावलेलं हाये. जणू एखाद्या सोयऱ्याच्या घराला कुलूप असावं तसं.

संमतीपत्राची मुदत उद्यापर्यंत आहे. आज संध्याकाळी मी त्या मुलाच्या घरी जाऊन येणार आहे, त्याच्या वडिलांना हे सगळं ओट्यावर बसून सांगायला. ते हो म्हणतील की नाही मला माहीत नाही. वेचणीचे दिवस आहेत, पैशाची ओढ आहे, आणि घरी निंबाला झोका बांधून देतो म्हणणारा बाप काही वाईट बाप नाही.

काल रात्री बाबांना फोनवर सहलीचं सांगितलं. त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत, वावरातही काठी घेऊन जातात. तळ्याच्या धुऱ्यावर त्यांनी बाभळीच्या फळीचं एक बाकडं ठोकून घेतलं आहे, दिवस मावळताना तिथं बसतात. माझं सगळं ऐकून घेतलं, पोरं किती, गाडी कोणती, परत केव्हा, सगळं विचारलं. मग म्हणाले, "तळ्याच्या काठी, झाडाखाली, पान्याकडं तोंड करून एक बाकडं होतं. हाये काय अजून, तेवढं पाहून ये."